डाउनलोड केलेली फाइल जशीच्या तशी का मिळत नसे?

सर्व्हरवरची फाइल आणि आपल्या संगणकावर उतरलेली फाइल यांत एका बाइटचाही फरक नसावा, ही अपेक्षा अगदी साधी आहे. ती मोडण्याचा इतिहास मात्र वेबपेक्षा जुना. एफटीपी ही फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवण्याची रीत; तिच्या १९८५ च्या आरएफसी ९५९ (आरएफसी: इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) या प्रमाणकात काही न सांगितल्यास फाइल ‘आस्की’ (साधा मजकूर) पद्धतीने जाई. म्हणजे ओळींच्या शेवटच्या खुणा यंत्रागणिक बदलत. मजकुरासाठी ते सोयीचे होते; पण ‘बायनरी’ (बाइट्स न बदलता) सांगायचे राहिले, तर प्रोग्राम किंवा चित्र निकामी होऊ शके.

वेबवर खरा गुंता केला तो जीझिप या फाइली दाबून लहान करण्याच्या पद्धतीने. युनिक्सच्या जगात सोर्स कोड ‘.tar.gz’ अशा शेपटाच्या फाइलींत वाटला जाई. अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रामच्या जुन्या मांडणीत अशा फाइलींना ‘कंटेंट-एन्कोडिंग: एक्स-जीझिप’ हे हेडर (फाइलीसोबत जाणारी माहितीची ओळ) लागे. ब्राउझर ते वाचून फाइल वाटेतच उलगडत आणि नाव मात्र जुनेच ठेवत. मग ती उघडताना ‘ही जीझिप फाइल नाही’ अशी तक्रार येई, आणि चेकसमही (फाइलीच्या बाइट्सवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नसे.

यात एकट्या ब्राउझरला दोष देता येत नाही. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये फरक स्पष्ट होता: कंटेंट-एन्कोडिंग हा मूळ वस्तूचाच गुण, तर ट्रान्सफर-एन्कोडिंग फक्त प्रवासापुरते. पाने लहान करून पाठवायला खरे तर दुसरे वापरायचे. व्यवहारात सगळ्यांनी पहिलेच वापरले, आणि एकाच हेडरला दोन अर्थ चिकटले. वेबच्या देवाणघेवाणीच्या नियमावलीची २०१५ ची आवृत्ती एचटीटीपी/२; तिने तर ट्रान्सफर-एन्कोडिंग हद्दपारच केले. उरली ती डागडुजी. फाइलचा प्रकारच जीझिप असेल तर ते हेडर दुर्लक्षित करायचे, असा अपवाद फायरफॉक्सने घातला. २०१७ मध्ये डब्ल्यूगेट या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रामने आपणहून उलगडण्याची सोय आणली आणि थोड्याच काळात ती, वापरणाऱ्याने मागितल्याशिवाय, बंद ठेवावी लागली. तसाच दुसरा प्रोग्राम कर्ल आधीपासून सावध आहे: वापरणाऱ्याने सांगितल्याशिवाय उलगडत नाही. मला हीच रीत योग्य वाटते.

फाइलविषयी काही नोंदवायचेच असेल तर ते तिच्या बाहेर नोंदवता येते. विंडोज एक्सपीच्या २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ‘ही इंटरनेटवरून आली’ ही खूण एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत फाइलीला जोडलेल्या वेगळ्या प्रवाहात लिहिली जाते. मूळ बाइट्स तसेच राहतात. मॅकवर २००७ च्या लेपर्ड या आवृत्तीत क्वारंटाइनची (बाहेरून आल्याची) खूण आली, तीही फाइलच्या मजकुराबाहेर. याउलट ॲपलच्या सफारी ब्राउझरची ‘सुरक्षित’ फाइली उतरताच उघडण्याची सोय. २००६ च्या फेब्रुवारीत तिचा गैरफायदा घेता येतो हे उघड झाले आणि ॲपलला दुरुस्ती काढावी लागली.

हा काटेकोरपणा किती महत्त्वाचा आहे ते २०१६ च्या फेब्रुवारीत दिसले. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या संकेतस्थळात घुसखोरांनी डाउनलोडचा दुवा घातकी आयएसओकडे (सिस्टिम बसवण्याच्या फाइलीकडे) वळवला. तेव्हा प्रकल्पाने लोकांना आपल्याकडच्या फाइलीचा चेकसम पडताळून पाहायला सांगितले. ही पडताळणी ब्राउझरने बाइट्सना हात लावला नसेल तरच चालते. चांगल्या फाइलींचेही आकडे वारंवार चुकू लागले, तर लोक न जुळणाऱ्या आकड्याकडे काणाडोळा करायला शिकतात, आणि नेमके हेच घुसखोराला हवे असते.