वस्तीत गेल्यावाचून मानसशास्त्र कसे शिकणार?

१९६९ साली वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या वार्षिक अधिवेशनात अध्यक्ष जॉर्ज मिलर यांच्या भाषणाच्या वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा एक गट व्यासपीठावर गेला. मानसशास्त्राने मानवी कल्याणासाठी काय करावे, हाच मिलर यांच्या भाषणाचा विषय होता. ब्लॅक स्टुडंट्स सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या या विद्यार्थ्यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थी व प्राध्यापकांना विद्यापीठांत स्थान आणि आर्थिक साहाय्य मागितलेच. शिवाय समाजात जाऊन प्रत्यक्ष काम करण्याचा अनुभव हा शिक्षणाचा भाग असावा, अशीही मागणी केली. मला ही मागणी सर्वांत मोलाची वाटते, कारण तिचा संबंध केवळ न्यायाशी नसून शास्त्राच्या पद्धतीशी आहे.

हा संबंध कॅलिफोर्नियातील एका खटल्यात स्पष्ट दिसतो. १९६८-६९ च्या सुमारास त्या राज्यातील विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले सुमारे ९ टक्के होती. मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या वर्गांत मात्र त्यांचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते, आणि या निवडीत बुद्ध्यंक चाचणीला मोठे वजन होते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील काही पालक न्यायालयात गेले. तेथील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी या पालकांच्या मुलांची त्याच चाचण्यांवर पुन्हा तपासणी केली. या वेळी त्यांनी आधी मुलांशी ओळख वाढवली, ‘आपल्याला जमणारच नाही’ ही त्यांची भावना दूर केली, प्रश्न त्यांच्या ओळखीच्या भाषेत विचारले आणि ठरावीक नसले तरी समंजस असलेल्या उत्तरांना गुण दिले. ज्या बुद्ध्यंकाखाली मुलाला मतिमंद ठरवले जाई, त्या ७५ या मर्यादेच्या वर सर्व मुले गेली.

त्या काळच्या एका चाचणीतला प्रश्न असा होता: तुझ्याहून बऱ्याच लहान मुलाने तुझ्याशी मारामारी सुरू केली, तर काय करावे? परत मारू नये, हे अपेक्षित उत्तर होते. स्वतःचा बचाव करायलाच हवा, असे ज्या वस्तीत लहानपणापासून शिकवले जाते, तेथील मुलाचे वेगळे उत्तर मंदबुद्धीचे लक्षण कसे ठरेल?

शब्द बदलले की चाचणीचे प्रमाणीकरण, म्हणजे ती सर्वांना एकाच रीतीने देण्याची शिस्त, ढासळते आणि मिळालेल्या गुणांची ज्या मूळ गटावरून चाचणीचे निकष ठरले त्याच्याशी तुलना करता येत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु मूल निरुत्साहाने गप्प बसले असेल, तर प्रमाणित पद्धतीने मिळालेला आकडाही त्याच्या बुद्धीविषयी फारसे सांगत नाही. मुलाचे हे गप्प बसणे ओळखायचे, तर त्याचे घर, बोली आणि शेजार ठाऊक असावा लागतो, आणि ही जाण केवळ चाचणीची पुस्तिका वाचून येत नाही. १९६९ च्या त्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमात नेमके हेच शिक्षण हवे होते.

१९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी पालकांच्या बाजूने निकाल दिला आणि कृष्णवर्णीय मुलांना मतिमंद ठरवलेल्या मुलांच्या वर्गांत घालण्यासाठी न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय बुद्ध्यंक चाचण्या वापरण्यास कॅलिफोर्नियात मनाई केली.