ऑडिओ इंटरफेस, बहुचॅनेल (संगणकाधारित थेट ध्वनिमिश्रण)

मायक्रोफोन व वाद्यांचे संकेत अंकीय रूपात संगणकात नेणारे आणि मिश्रण झाल्यावर ते स्पीकर व मॉनिटरकडे (कलाकारांना स्वतःला ऐकण्याच्या स्पीकरकडे) परत आणणारे उपकरण. कार्यक्रमात मिक्सरचे कामच संगणकावरील सॉफ्टवेअर करत असेल, तर सामान्यतः २४ ते ६४ चॅनेल दोन्ही दिशांनी, खंड न पडता चालावे लागतात. प्रस्तुत नोंद अशा मांडणीपुरती आहे. घरगुती रेकॉर्डिंगच्या इंटरफेसचा विचार येथे केलेला नाही.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा हे व्याख्येवर ठरते. संगणकातून अनेक चॅनेल एकदम नेण्याला महत्त्व दिले, तर १९९७ मध्ये स्टाइनबर्ग या कंपनीने आणलेला एसिओ ड्रायव्हर (ध्वनीचे सॉफ्टवेअर व कार्ड यांना थेट जोडणारा) आणि त्याच सुमाराची संगणकाच्या आत बसणारी पीसीआय कार्डे ही सुरुवात ठरते. परंतु तेव्हाची सॉफ्टवेअरे रेकॉर्डिंगसाठी लिहिलेली होती. रंगमंचावरील मिश्रणासाठीच घडवलेले बॉब लेंटिनी यांचे सॉफ्टवेअर ऑडिओ कन्सोल बहुधा २००० च्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले; उगम तेथे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

चॅनेल वाहून नेण्याच्या दोन जुन्या पद्धती अजून टिकून आहेत. अलेसिस कंपनीने १९९१ मध्ये जाहीर केलेला अडॅट रेकॉर्डर एस-व्हीएचएस टेपवर आठ ट्रॅक नोंदवी. टेप गेली, तिची प्रकाशीय जोडणी मात्र राहिली. किती चॅनेल जातील हे सॅम्पलदरावर, म्हणजे ध्वनीचे दर सेकंदाला किती नमुने (सॅम्पल) घेतले जातात यावर ठरते: एका केबलमधून ४८ किलोहर्ट्‌झला आठ, तर ९६ किलोहर्ट्‌झला चार चॅनेल जातात. आरएमई कंपनीच्या एचडीएसपी ९६५२ कार्डावर अशा तीन जोडण्या असल्याने आठ-आठ चॅनेलचे तीन प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवून अंकीय करणारी उपकरणे) लावून २४ इनपुट मिळत. प्लास्टिकची प्रकाशीय केबल साधारण १० मीटरपलीकडे भरवशाची नसते, म्हणून प्रीअँप संगणकाजवळच ठेवावे लागतात आणि रंगमंचापासूनची तांब्याची जाड मल्टीकोर केबल काही सुटत नाही.

दुसरी पद्धत मॅडी, म्हणजे एकाच केबलमधून अनेक अंकीय चॅनेल नेणारी जोडणी. तिचे मानक एईएस१० १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ मानकात चॅनेल ५६ होते, आज ६४ आढळतात. दोन्ही आकडे छापील माहितीपत्रकांत दिसत असल्याने खरेदीत घोटाळा होतो. टेपयंत्रांचा वेग कमी-जास्त करता यावा म्हणून मूळ मानकाने सॅम्पलदरात १२.५ टक्के वाढघटीची मुभा ठेवली होती. प्रत्येक चॅनेलला ३२ बिट धरल्यास ५६ चॅनेलचा सर्वाधिक वेगाचा प्रवाह सुमारे ९६.८ मेगाबिट प्रतिसेकंद होतो, आणि वाहिनीची क्षमता १०० मेगाबिट आहे. वेगबदलाची गरज उरली नाही तेव्हा त्याच क्षमतेत ४८ किलोहर्ट्‌झचे ६४ चॅनेल (सुमारे ९८.३ मेगाबिट) बसवण्यात आले. जुने यंत्र ५६ चेच असेल, तर दुसऱ्या टोकालाही तीच मांडणी निवडावी लागते. ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्सिअल केबलवर मॅडी सुमारे १०० मीटर जाते. काचतंतूवर त्याहून पुष्कळ दूर.

निवडीत निर्णायक ठरते ती लेटन्सी, म्हणजे आवाज आत येऊन बाहेर पडेपर्यंतचा विलंब. ४८ किलोहर्ट्‌झला ६४ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो गठ्ठा) म्हणजे १.३३ मिलिसेकंद. तो आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा मोजायचा. रूपांतरक आणि ड्रायव्हरचा वेळ धरून एकूण विलंब चार-पाच मिलिसेकंदांवर जातो. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा पाच मिलिसेकंद म्हणजे मॉनिटर पावणेदोन मीटर मागे सरकवल्यासारखे. ढोलकीवाल्याला हे खटकत नाही. इन-इअर (कानात बसणारे मॉनिटर) लावलेल्या गायकाला खटकते, कारण स्वतःचा आवाज हाडांतून आधी पोचतो, उशिराचा त्यात मिसळतो आणि काही कंप्रता परस्परांना खोडतात. ९६ किलोहर्ट्‌झवर बफरचा वेळ निम्मा होतो, पण अडॅटचे चॅनेलही निम्मे होतात आणि प्रोसेसरवरचा भार दुपटीच्या घरात जातो. ४८ किलोहर्ट्‌झ आणि चांगला ड्रायव्हर हाच पर्याय बहुतेक ठिकाणी बरा.

माहितीपत्रकात ड्रायव्हरचा दर्जा छापलेला नसतो. यूएसबी ऑडिओ वर्ग २ (यूएसबीवरून ध्वनी नेण्याचे मानक) याचा अंतर्भूत आधार विंडोजला २०१७ मध्ये मिळाला; बहुचॅनेल कामासाठी तरीही उत्पादकाचाच एसिओ ड्रायव्हर वापरतात. फायरवायर या जुन्या संगणक-जोडणीच्या काळात टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले कार्ड निवडण्याचा प्रघात होता. एसिओत साधारणपणे एका वेळी एकच ड्रायव्हर चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन यूएसबी पेट्या जोडून चॅनेल वाढवण्याचा बेत विंडोजवर सहसा फसतो.

क्लॉक, म्हणजे सॅम्पलची गती ठरवणारे घड्याळ, सर्व उपकरणांना एकच हवे. दोन उपकरणे आपापल्या क्लॉकवर चालली आणि त्यांत दशलक्षात दहा भागांचा फरक असला, तर ४८ किलोहर्ट्‌झला दर दोन सेकंदांना सुमारे एक सॅम्पल निसटतो आणि ‘टिक’ ऐकू येते. ही टिक अनेकदा केबलच्या माथी मारली जाते. प्रीअँपचा गेन (संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) हाताने फिरवायचा असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये साठवलेल्या सीनबरोबर (नियंत्रणांच्या जतन केलेल्या मांडणीबरोबर) तो परत येत नाही, हेही आधीच पाहावे.

नेटवर्कवरील पद्धतींपैकी ऑस्ट्रेलियातील ऑडिनेटची दांते सर्वाधिक रूढ आहे. तिच्या व्हर्च्युअल साउंडकार्डची (केवळ सॉफ्टवेअरने चालणाऱ्या कार्डाची) किमान लेटन्सी चार मिलिसेकंद असल्याने ते रेकॉर्डिंगला योग्य. मिश्रणासाठी पीसीआय-एक्सप्रेस कार्ड घ्यावे. बेरिंगरच्या एक्स३२ सारखे ३२ चॅनेल यूएसबीवर देणारे अंकीय कन्सोल २०१२ पासून स्वस्तात मिळू लागल्यावर लहान मांडण्यांत संगणकाकडे बहुधा रेकॉर्डिंग आणि ध्वनिपरिणामच उरले.