ऑनलाइन खरेदीतले फ्रॉड आणि पेमेंटची माहिती जपणं

ऑनलाइन काही विकत घेताना किंवा विकताना आपला कार्ड नंबर, सीव्हीव्ही (कार्डामागचे ३ आकडे), ओटीपी, यूपीआय पिन असल्या गोष्टी भामट्याच्या हाती लागू नयेत म्हणून घ्यायची काळजी, असा या विषयाचा सरळ अर्थ. ही नोंद भारतातल्या व्यवहारांपुरती आहे, कारण इथले नियम आणि इथले फ्रॉड दोन्ही जरा वेगळे आहेत. बाहेरच्या बऱ्याच साइट्सवर नुसता कार्ड नंबर, एक्सपायरी आणि मागचे ३ आकडे टाकले की पैसे जातात, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासूनच ऑनलाइन कार्ड पेमेंटला जादाची पडताळणी सक्तीची केली, त्यातूनच पुढे ओटीपी सगळ्यांच्या ओळखीचा झाला. त्यामुळे आपल्याकडचा चोर कुलूप फोडत बसत नाही, तो गोड बोलून तुमच्याच हातून किल्ली फिरवून घेतो, आणि बहुतेक सगळे प्रकार शेवटी इथेच येऊन थांबतात.

आता यात कुठला आकडा कशासाठी असतो हे माहीत असलं तरी अर्धं काम होतं. यूपीआय आयडी आणि क्यूआर कोड हे पत्त्यासारखे, ते कुणालाही दिले तरी चालतं. कार्डवरचे १६ आकडे आणि सीव्हीव्ही मिळून अर्धी किल्ली होते. ओटीपी म्हणजे तुमची सही. आणि यूपीआय पिन, जो ४ किंवा ६ आकडी असतो, तो खात्यातून पैसे बाहेर काढायलाच लागतो (बॅलन्स बघायलाही लागतो, ते सोडा), पैसे घ्यायला तो कधीच लागत नाही. इतकी साधी गोष्ट, पण जुना सोफा विकायला टाकला की फोन येतो, समोरचा म्हणतो मी फौजेत आहे, बदली झालीय, भावात घासाघीस पण करत नाही, आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर पाठवून सांगतो की हा स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील. विकणारा माणूस खुशीत असतो, स्कॅन करतो, आणि जमा व्हायच्या ऐवजी कापले जातात. मग तो म्हणतो अरे चुकून झालं, रिफंडचा क्यूआर पाठवतो, आणि दुसऱ्यांदा पण कापले जातात! याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायची आणि ते पैसे येतायत असं भासवायचं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला अशी रिक्वेस्ट पाठवणं बंद केलं, दुकानदारांची मात्र चालू आहे, आणि क्यूआरची युक्ती तर चालूच आहे.

खोटी दुकानं हा वेगळाच विषय. इन्स्टाग्राम-फेसबुकवर जाहिरात दिसते, येवल्याची हातमागाची पैठणी ८९९ रुपयांत, फक्त आजच्या दिवस. ज्याने माग बघितलाय त्याला कळतं की एवढ्यात रेशीम पण येत नाही, पण फोटो इतके सुंदर असतात की हात जातोच. अशा साइट्सवर पत्ता नसतो किंवा अर्धवट असतो, परतीच्या नियमांचं पान भलत्याच दुकानाचं उचललेलं असतं, आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा पर्याय शेवटच्या पानावर येऊन गायब होतो. पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी असंही लोक धरून चालतात, तसं नसतं, त्याचा अर्थ एवढाच की मधे कुणी वाचत नाहीये, पलीकडे बसलेला माणूस भला आहे की चोर हे कुलूप सांगत नाही. क्रोमने तर २०२३ मध्ये हे चिन्हच काढून टाकलं.

कार्डच्या बाबतीत मोठा बदल १ ऑक्टोबर २०२२ ला झाला. तेव्हापासून दुकानांच्या साइट्सना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवायला मनाई आहे, त्याऐवजी टोकन ठेवतात, म्हणजे त्या दुकानापुरताच चालणारा बदली नंबर. साइट हॅक झाली आणि टोकन चोरीला गेलं तरी दुसरीकडे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ओळखीच्या मोठ्या साइटवर कार्ड सेव्ह करायला फार घाबरायचं कारण राहिलेलं नाही, पण कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर कार्डचा फोटो मागितला तर तो चोरच समजायचा. शिवाय २०२० च्या नियमामुळे कार्डचा ऑनलाइन वापर, परदेशी व्यवहार, टॅप करून पैसे देणं, हे सगळं बँकेच्या अ‍ॅपमधून चालू-बंद करता येतं आणि मर्यादाही घालता येते. परदेशी व्यवहार बंद ठेवणं सगळ्यात स्वस्त उपाय, कारण ओटीपीशिवाय पैसे जायची भीती तिथेच जास्त, आणि तरी हे बटण किती जणांनी उघडून बघितलंय देव जाणे.

पार्सलच्या नावाने चालणारे प्रकार अलीकडे खूप बोकाळलेत. पत्ता अपुरा आहे, लिंकवर जाऊन ५ रुपये भरा, असा पोस्टाच्या नावाने मेसेज येतो, ५ रुपये कुणी विचार करत नाही, पण ते पान कार्डची माहिती गोळा करायलाच बनवलेलं असतं. किंवा ऑर्डर ट्रॅक करा म्हणून एपीके फाइल येते, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायचं अ‍ॅप, ती टाकली की फोनमधले मेसेज, म्हणजे ओटीपीसकट, तिकडे वाचले जातात. कुरिअरवाला बोलतोय असं सांगून ४०१ ने सुरू होणारा कोड डायल करायला लावायचे, त्याने आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळतात, दूरसंचार विभागाने एप्रिल २०२४ मध्ये ही कोडवाली सोयच थांबवायला लावली. आणि कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायची सवय तर फार महागात पडते. तिथे चोरांनीच टाकलेले नंबर सापडतात, ते रिफंडसाठी स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप घ्यायला सांगतात आणि मग तुम्ही टाइप करता ते सगळं त्यांना दिसतं. नंबर दुकानाच्या अ‍ॅपच्या आतूनच घ्यायचा.

पैसे गेलेच तर १९३० या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार, आणि त्याच वेळी बँकेलाही कळवायचं. घाई अशासाठी की पैसे भाड्याच्या खात्यांतून (चोरांनी वापरायला घेतलेल्या दुसऱ्यांच्या खात्यांतून) पुढे पुढे सरकत जातात आणि मधल्या एखाद्या खात्यात असतानाच होल्ड लागला तरच हाती काही येतं. यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, वेळ आणि चॅटचे स्क्रीनशॉट जवळ ठेवायचे, लाजेने चॅट डिलीट करू नये. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य, ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत. पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्या माथी, कळवल्यानंतरचं बँकेच्या. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, हे काउंटरवर सहसा कुणी आपणहून सांगत नाही. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं.

तक्रार केल्यावर काही दिवसांनी अजून एक फोन येऊ शकतो, आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला प्रोसेसिंग फी भरा म्हणून. तोही फ्रॉडच असतो.