लिंगाणा

लिंगाणा हा सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून सुटा झालेला बेसॉल्टचा सुळका आहे. तो रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, रायगड किल्ल्याच्या पूर्वेस उभा आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,९६९ फूट. पूर्वेला रायलिंग पठार आणि मध्ये अरुंद खिंड. पश्चिमेला काळ नदीचे खोरे. शिवकाळात हा किल्ला होता आणि त्याचा उपयोग कैदखान्यासारखा होई. १८१८ मध्ये इंग्रजांनी पायऱ्या तोडल्यापासून माथ्यावर जायला दोर लागतो.

खडक

दख्खनच्या पठाराचे लाव्हाथर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचले. कोकणाकडील कडा झिजत पूर्वेकडे सरकत गेला आणि उभ्या भेगांतून पाणी शिरून त्याचे काही तुकडे मागे राहिले. लिंगाणा त्यांपैकी एक. रायलिंग पठाराच्या टोकावर उभे राहिले की हे डोळ्यांनीच वाचता येते: समोरच्या सुळक्यावर कातळाचा उभा टप्पा, त्यावर गवताची पट्टी, पुन्हा कातळ.

या पायरीरचनेवरच आरोहणाचे सारे गणित बसते. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, बारीक कणांचा असतो. तो ठरावीक सांध्यांवर तुटतो, म्हणून तिथे धारदार, चौकोनी पकडी मिळतात. थराचा वरचा भाग मात्र वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. ही छिद्रे पुढे झिओलाइट, कॅल्साइट अशा पांढुरक्या खनिजांनी भरतात आणि हा भाग लवकर कुजतो. तिथेच गवताळ कंगोरे तयार होतात. चढणाऱ्याला ते थांबायला सोयीचे वाटतात, पण सुळक्यावरचे बहुतेक सुटे दगड याच कंगोऱ्यांवर पडून असतात. अवघड कातळावर माणूस सावध असतो. घात होतो तो सोप्या, मुरमाड जागी.

पकडीवर भार देण्याआधी ती तळहाताने ठोकून पाहावी. पोकळ आवाज आला, तर दगड मागून सुटलेला आहे. दोर अडकवायचा बोल्ट कातळात ठोकण्यापूर्वी हातोडीने हीच परीक्षा करतात. घट्ट गाभ्यात एक्स्पान्शन बोल्ट (भोकात फुगून घट्ट बसणारा) चांगला बसतो. सच्छिद्र थरात भोकाच्या कडा चुरतात आणि बोल्ट फिरू लागतो. जुन्या पिटॉनची, म्हणजे भेगेत ठोकलेल्या लोखंडी खिळ्याची, आणखी एक गोची असते: दर पावसाळ्यात भेगेत पाणी जाऊन लोखंड गंजते आणि भेगही रुंदावते. त्यामुळे वर्षभरापूर्वी भक्कम असलेला पिटॉन यंदा हाताने निघू शकतो. एकाच जुन्या बिंदूवर सगळ्यांचा भार कधीच टाकू नये.

मार्ग

रुळलेला मार्ग पूर्वेकडून, खिंडीतून चढतो. पुण्याहून वेल्हे, पासलीमार्गे मोहरी गाठतात, तिथून रायलिंग पठाराच्या दिशेने जाऊन बोराट्याच्या नाळेत (कड्यातल्या अरुंद, उतरत्या घळीत) उतरतात आणि नाळ मध्येच सोडून आडवे जात खिंडीत पोहोचतात. नाळेत मोठमोठ्या शिळांचा खच आहे. उतरताना एकामागोमाग एक, सरळ रेषेत चालू नये. वरच्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्यावर येतो. हेल्मेट इथूनच घालावे, खिंडीत पोहोचल्यावर नव्हे.

खिंडीपासून माथ्यापर्यंतची चढाई अनेक टप्प्यांत होते. वाटेत जुन्या खोदीव पायऱ्यांचे अवशेष व खोबण्या दिसतात, पुढे गुहा आणि पाण्याची टाकी लागतात. मोठी तुकडी असेल तर काही जण गुहेशी थांबतात. त्यावर पुन्हा उभे कातळटप्पे आणि शेवटी अरुंद धारेवरची चाल आहे.

पहिला चढणारा डायनॅमिक दोरावर जातो, कारण पडल्यास झटका शोषणारा ताण त्याच दोरात असतो. तो वर पोहोचल्यावर बाकीच्यांसाठी स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर बांधतात. दोर जिथे कातळाच्या धारेवर घासतो तिथे खाली जाडे कापड किंवा पाइपचा तुकडा द्यावा. बेसॉल्टची ताजी धार दोराची साल पाहता पाहता सोलते.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो तो माणसांच्या संख्येमुळे. माणशी दहा मिनिटे धरली, तरी १५ जणांना एकच टप्पा पार करायला अडीच तास लागतात, आणि उतरताना हीच रांग पुन्हा लागते. पाच-सहा जणांची तुकडी उजेडात परत येते. मोठ्या गटाने उजाडताच पहिला दोर लावलेला बरा.

उतरण रॅपलिंगने, म्हणजे दोरावरून घसरत, त्याच मार्गाने होते. दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारलेली असावी. दोर कंगोऱ्यापर्यंत पुरला नाही आणि टोक कमरेच्या पट्ट्याला लावलेल्या उतरण्याच्या उपकरणातून निसटले, तर थांबवायला दुसरे काही नसते. खाली उतरलेल्याने लगेच दोराच्या रेषेतून बाजूला व्हावे. दुहेरी दोर ओढून घेताना तो दगड घेऊनच येतो, म्हणून ओढणाऱ्यानेही बाजूला, कातळाला चिकटून उभे राहावे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते. मार्चनंतर काळा दगड इतका तापतो की दुपारी हात ठेववत नाही, शिवाय पाणीही दुप्पट वाहावे लागते. कड्यांवर आग्या मोहोळे असू शकतात. धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. टाक्यातल्या पाण्याच्या भरवशावर निघू नये. माणशी किमान चार लिटर पाणी मोहरीतूनच भरून घ्यावे, कारण परतताना नाळेचा चढ अजून बाकी असतो.