सातची घंटा आणि पंधरा वर्षांचा मेंदू

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. मुलांची झोप होत नाही, हे कारण. ते रास्तच आहे. पण झोपेची सर्वांत जास्त ओढाताण ज्यांची होते, ती आठवी-नववी-दहावीची मुले त्यात नाहीत. सात वर्षांचे पोर रात्री नऊलाच पेंगते. पंधरा वर्षांच्या मुलाला अकराच्या आत झोप लागत नाही, आणि त्याचा दोष एकट्या मोबाइलवर टाकून चालणार नाही.

मेंदूच्या तळाशी वीसेक हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. हे शरीराचे मुख्य घड्याळ. रात्र झाल्याचा निरोप देणारे मेलाटोनिन कधी स्रवायचे, ते तिथे ठरते. वयात येताना ही वेळ तास-दोन तास पुढे सरकते. शिवाय दिवसभर साठत जाणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश चढतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. साडेअकराला झोपून साडेपाचला उठणाऱ्याच्या वाट्याला सहाच येतात.

हे घड्याळ लावतो तो उजेड, आणि सगळी मेख इथेच आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींचे मुख्य काम चित्र पाहणे नव्हे, तर उजेड, विशेषतः निळसर उजेड, किती आहे ते मोजणे. तोच उजेड एका वेळी घड्याळ अलीकडे आणतो, तर दुसऱ्या वेळी पलीकडे ढकलतो. सीमारेषा असते शरीराचे तापमान सर्वांत कमी होण्याच्या क्षणाची, म्हणजे आपसूक जाग येण्याच्या साधारण दोन तास आधीची. त्यानंतर उजेड मिळाला तर पुढच्या रात्री झोप लवकर येते. त्याआधी मिळाला तर आणखी उशिरा. सुट्टीत ज्याला रोज आठला जाग येते, त्याची सीमारेषा सहाच्या आसपास. त्याला चारला उठवून प्रखर दिव्याखाली बसवले, तर घड्याळ उलटेच सरकू शकते. ब्राह्ममुहूर्ताला पाठ केलेले जन्मभर टिकते, या समजुतीला शरीरशास्त्राचा आधार नाही. झोप तोडून केलेले पाठांतर उलट लवकर पुसले जाते, कारण आठवणी पक्क्या होतात त्या झोपेतच.

त्यात मुंबईची अडचण वेगळी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मुंबई ७३ अंशांच्या जवळ, आणि दर अंशाला चार मिनिटे. म्हणजे सातची घंटा सूर्याच्या हिशेबाने ६ वाजून २१ मिनिटांनीच होते. जानेवारीत तर तिथे सूर्यच सव्वासातच्या सुमारास उगवतो.

अमेरिकेत सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ केली. मुले तेवढीच उशिरा झोपतील, अशी शंका होती. मनगटावरच्या यंत्रांनी मोजले, तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली.

दोन अधिवेशनांत भरणाऱ्या शाळेला वेळ बदलणे सोपे नाही, हे मान्य. पण परिपाठ सभागृहाऐवजी मैदानावर घेता येतो: वर्गात जेमतेम दोन-तीनशे लक्स उजेड असतो, कोवळ्या उन्हात दहा हजारांच्या वर. शारीरिक शिक्षण पहिल्या तासाला आणि गणित, चाचण्या तिसऱ्या तासानंतर, एवढा बदल वेळापत्रकात सहज बसतो. संध्याकाळच्या क्लासआधीचा चहा बंद करावा. सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफीन अकराला अंगात असते. बाजारातल्या मेलाटोनिनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच.

आणि दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवावी. शाळेच्या दिवशी ११:३० ते ५:३०, म्हणजे झोपेचा मध्य अडीच. रविवारी १२:३० ते ९:३०, म्हणजे मध्य पाच. फरक अडीच तासांचा: जणू दर सोमवारी दूर देशातून विमानाने परतल्यासारखे. नोंद रोज पहिल्या तासाला, नाव न घालता लिहून घ्यावी. शनिवारी एकदम भरलेली वही अंदाजांची असते, आणि एकदा का वर्गशिक्षकांनी ती बघून कुणाला रागावले, की दुसऱ्या दिवसापासून सगळा वर्ग दहाला झोपल्याचे लिहितो. निम्म्या वर्गाचा फरक दोन तासांपेक्षा जास्त निघाला, तर ती वही पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत टेबलावर ठेवावी आणि घंटेच्या वेळेचा विषय तिथेच काढावा.