एसीच्या खोलीतला गेको

फॅट-टेल गेको हा पश्चिम आफ्रिकेतला, सेनेगलपासून कॅमेरूनपर्यंत आढळणारा, पालीच्या कुळातला निशाचर प्राणी; हौसेने घरात, टाकीत पाळतात. घरातल्या पालीसारखी चिकट बोटं त्याला नसतात, पापण्या मात्र असतात. त्याला साठ-सत्तर टक्के आर्द्रता लागते, त्यामुळे घोडबंदर किंवा ऐरोलीची खाडीकाठची हवा त्याला मानवेल असं वाटतं. मानवतेही, पण एसी सुरू होईपर्यंतच.

पावसाळ्यात खोलीत 26 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता आहे असं धरा. गेकोच्या टाकीचं एक टोक तापवलेलं, दुसरं गार ठेवतात; हीच हवा उबदार टोकाला 32 अंशांवर गेली की आर्द्रता साधारण 64 टक्के भरते, कारण तापलेल्या हवेत जास्त बाष्प मावतं. एसी मात्र हवेतलं पाणीच काढून घेतो. बाहेरच्या नळीतून टपकतं ते तेच. एसीच्या खोलीतली 24 अंश, 55 टक्के हवा 32 अंशांवर नेली की उरतात जेमतेम 34 टक्के. एवढ्या कोरड्या हवेत कात सुटत नाही, बोटांभोवती आवळून बसते, रक्तपुरवठा थांबतो आणि बोट गळतं.

एसी टाळताही येत नाही. मे महिन्यात खोली 34 अंशांवर गेली तर गेकोला थंडाव्याला जागाच राहत नाही. टाकीचं गार टोक 24 ते 27 अंशांत हवं. म्हणून टाकीत ओल्या जागेची सोय करायची. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याला गेको सहज आत जाईल एवढं भोक पाडा, कडा घासून घ्या, आत ओलं करून घट्ट पिळलेलं कोकोपीट भरा. डबा टाकीच्या मधोमध ठेवा. पीट दर दोन दिवसांनी चाचपा, बुरशीचा वास आला तर सगळं बदला.

एका गेकोला 90×45×45 सेंटिमीटरची, पुढून उघडणारी, वर जाळी असलेली टाकी पुरते. दोन नर एकत्र ठेवू नका, ते जीवघेणं भांडतात. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा हवी. हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून लावा. ठरलेल्या तापमानाला मॅट आपोआप बंद करणाऱ्या थर्मोस्टॅटचा सेन्सर गेको बसतो त्या पृष्ठभागावर चिकटवा, हवेत लोंबता ठेवू नका. थर्मोस्टॅटशिवाय मॅट चालवलीत तर पोट भाजतं. पहिला महिना तळाला साधा टिश्यू पेपर घाला, विष्ठा नीट दिसते.

झुरळं किंवा मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या) देताना त्यांची जाडी गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. कीटकांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो, म्हणून खाद्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. आठवड्यातून एकदा डी-3 जीवनसत्त्व असलेली. हे चुकलं तर जबडा मऊ पडतो. पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून दोन-तीनदा खायला द्या. गॅलरीतले किडे नकोतच, त्यांच्यावर औषधफवारणी झालेली असू शकते.

आणल्यावर दोन आठवडे हातात घेऊ नका. बोटांवर कात दिसलीच तर 30 अंशांच्या, बोटभर पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून ओल्या कापसाने हलकेच सोडवा. ओढली तर बोटच येतं. गेको विकत घेण्यापूर्वी विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या आणि घेताना विक्रेत्याची पावती घ्या.