पूर्वसंपीडित फाइल

वेब सर्व्हरवरील फाइल मागणी येण्याआधीच संपीडित करून (म्हणजे दाबून आकाराने लहान करून) मूळ फाइलशेजारी ठेवायची आणि ब्राउझरला तीच पाठवायची, अशी पद्धत. जीझिप या संपीडन-प्रोग्रामवरून बोलताना ‘जीझिप करून ठेवणे’ एवढेच म्हणतात. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट यांना ती मानवते. जेपेग व पीएनजी (चित्रे), वॉफ-२ (फॉन्ट) या फाइली मुळातच दाबलेल्या असल्याने त्यांत काही हाती लागत नाही.

उगम : दर मागणीला संपीडन करणे ही मूळ रीत आणि पूर्वसंपीडन ही तिच्यावरची नंतरची काटकसर, असा सर्वसाधारण समज आहे. तो निःशंकपणे स्वीकारता येत नाही. मे १९९६ मधील आरएफसी १९४५ (ब्राउझर व सर्व्हर यांच्या संवादाची रीत, एचटीटीपी १.०) या दस्तऐवजात ‘कॉन्टेन्ट-एन्कोडिंग’, म्हणजे मजकुराला दिलेले संपीडित रूप, हा संसाधनाचाच (मागितलेल्या फाइलचाच) गुणधर्म मानला आहे, संसाधन बहुधा त्याच रूपात साठवलेले असते आणि दाखवण्याच्या वेळीच उलगडले जाते, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे कल्पना साठवणीची होती, वाहतुकीची नव्हे. केवळ वाटेपुरत्या रूपांतरासाठी एचटीटीपी १.१ मध्ये ‘ट्रान्स्फर-एन्कोडिंग’ वेगळे आले, पण संपीडनासाठी ब्राउझरांनी त्याला फारसे जवळ केले नाही आणि ऐनवेळचे संपीडनही ‘कॉन्टेन्ट-एन्कोडिंग’ या जुन्याच नावाखाली चालू लागले. ‘डिफ्लेट’ या संपीडन-पद्धतीच्या नावाचा घोळ याच काळातला : प्रमाणानुसार त्याचा अर्थ झेडलिब वेष्टनातील (मागेपुढे ओळखीचे व तपासणीचे बाइट असलेला) डेटा, तर काही सर्व्हर वेष्टनाविनाच डेटा पाठवत. जीझिप रूढ होण्यामागे हे एक कारण असावे. ज्याँ-लू गायी व मार्क ॲडलर यांचा जीझिप हा प्रोग्राम १९९२ चा. त्यातील डिफ्लेट पद्धत फिल कॅट्झ यांची.

कार्य : ब्राउझर ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’मधून आपल्याला काय उलगडता येते ते सांगतो. एन्जिन्एक्स या सर्व्हर-प्रोग्राममध्ये ‘जीझिप स्टॅटिक’ हे मॉड्यूल चालू असल्यास सर्व्हर त्याच नावाची, शेवटी जीझेड लावलेली फाइल शोधून पाठवतो. हे मॉड्यूल मूळ बांधणीत नसते, बांधणीच्या वेळी वेगळे मागावे लागते. काम एकदाच करायचे असल्याने वेळेची फिकीर उरत नाही. झॉप्फ्ली (२०१३) हा सावकाश पण अधिक दाबणारा प्रोग्राम किंवा ब्रॉट्ली या दुसऱ्या संपीडन-पद्धतीची ११वी, सर्वांत वरची, पातळी दर मागणीला परवडणार नाही, येथे परवडते.

देवनागरी मजकूर : यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मुंबई’ या शब्दाचे पाच संकेत (म, उकार, अनुस्वार, ब, ई), म्हणजे १५ बाइट होतात. ‘म’ = २२४, १६४, १७४; पुढचा उकार = २२४, १६५, १२९. पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५, ही पुनरुक्ती संपीडनाच्या पथ्यावर पडते. ब्रॉट्लीच्या अंगभूत शब्दकोशात हिंदी शब्दही आहेत. मराठीला त्याचा लाभ बेताचाच असावा.

मुंबई : विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीची सार्वजनिक इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, त्या पहिल्या शहरांत मुंबई होती. डायल-अपच्या त्या दिवसांत पान हलके असण्याला मोल होते.

दोष : सर्व्हर मूळ फाइल आणि जोडफाइल यांच्या तारखा ताडून पाहत नाही; त्या सारख्या ठेवाव्यात, अशी एन्जिन्एक्सच्या माहितीपत्रकात केवळ शिफारस आहे. प्रस्तुत नोंदकाराने दादरच्या एका लहान प्रकाशनाच्या दिवाळी अंकाच्या पानावर याचा अनुभव घेतला. अनुक्रमणिका बदलली, जीझेड फाइल तशीच राहिली. कार्यालयात ‘कर्ल’ या पाने मागवणाऱ्या प्रोग्रामने तपासले तेव्हा नवी यादी दिसे, कारण सांगितल्याशिवाय कर्ल संपीडित रूप मागतच नाही. वाचकांना मात्र वसुबारसेपर्यंत मागच्या वर्षीच्याच कथा दिसत होत्या.